दाढेवरचं सोनं

आईची उजवीकडची खालची दाढ कडक भाकरी खाताना मोडली, असं आईचं म्हणणं. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. जी बाई जन्मभर कडक भाकरीवर वाढली, जिला मऊ पोळी म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं, तिची दाढ भाकरीनं कशी मोडेल? सुपारी खाल्ली असणार. सुपारी सोडली असं ती सांगते, पण देवळात भजन संपल्यावर म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात कुणाच्या चंचीतून काय निघतं ते मला चांगलं माहीत आहे.

फोन संध्याकाळी आला. मी नुकतंच ऑफिसातून येऊन चहाचं आधण ठेवलं होतं.

"दाढ तुटली बग माजी. येतीस का जरा?"

हे "येतीस का जरा" मला पाठ झालं होतं. बाबा गेल्यापासून दर एक-दोन दिवसांनी काहीतरी निघायचंच. गॅस लागत नाही. बाथरूममध्ये पाल आहे. टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात. आई कुंभारीला राहते, बाबांनी मास्तरकीच्या पगारातून बांधलेल्या घरात, आणि मी जुळे सोलापुरात. म्हणजे गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. सगळी गर्दी, सगळे सिग्नल, चादरींचे गठ्ठे लादलेले टेम्पो, हे सगळं चुकवत स्कूटर हाणत मी जायची, आणि जाऊन बघते तर गॅस पेटलेला, पाल निघून गेलेली, टीव्ही झकास चालू. आई दारात उभी असायची. मला बघितलं की पहिल्यांदा मागं वळून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची. मला वाटायचं, हिची सिरियलची वेळ झाली.

नवरा म्हणायचा, एकटेपणा आहे, दुसरं काही नाही. आमच्याकडं येऊन राहा म्हटलं तर ती येत नव्हती. पण एकट्या माणसाला सोबत हवी असती तर मी गेल्यावर तिनं बस म्हटलं असतं की नाही? आई म्हणायची, "आलीस? बरं झालं. जा आता, अंधार पडंल." यात कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळत होतं. कुठं, ते कळत नव्हतं.

संशय हा माझा स्वभाव आहे आणि धंदाही. माझी नोकरी वजनमापं तपासायची. दुकानातले तराजू, पंपावरची मापं, कारखान्यांवरचे उसाचे काटे. जो माणूस आपणहून "बघा की मॅडम, एकदम बरोबर आहे" म्हणतो, त्याचा काटा मी आधी तपासते. माझी मुलगी म्हणते, आई, तू भाजीवालीशी बोलताना डोळे बारीक करतेस. करते. काय बिघडलं?

तर त्या संध्याकाळी मी गेले, आणि या वेळी खरंच दाढ मोडलेली होती. तुटलेला तुकडा आईनं स्टीलच्या वाटीत धुऊन ठेवला होता. चांगला हरभऱ्याएवढा. आत फार पूर्वी भरलेली चांदी काळी पडून दिसत होती. मी आईच्या तोंडात मोबाइलची बॅटरी मारून बघितलं. दाढेची आतली भिंत पुरी गेली होती.

"दुखतंय का?"

"गार पाणी लागलं की चमक येती. बाकी न्हाय."

मी तिथंच मनाशी सगळं रचून टाकलं. आता दातांचा डॉक्टर गाठायचा. तो पहिल्याच वाक्यात रूट कॅनाल म्हणणार. मग कॅप. मग शेजारचा दातही जरा हलतोय म्हणणार. एक दात घेऊन गेलं की चार दातांचं काम घेऊन बाहेर यायचं, हे मी आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाकडून ऐकलं होतं.

ओळखीच्यांना विचारून विचारून मी एक डॉक्टरीण शोधली. पस्तिशीची असेल, घर तेलुगू, मराठी अस्सल सोलापुरी. दवाखाना लहान, भिंतीवर हसऱ्या गोऱ्या बाईचा फोटो नाही, हे मला बरं वाटलं. तिनं दाढेचा एक्स-रे फोटो काढला, दाढेवर गार काहीतरी लावून बघितलं, बारीक हातोडीसारख्या दांड्यानं ठोकून बघितलं, आणि म्हणाली, "आजी, नस जिवंत आहे. रूट कॅनालची गरज नाही."

मला जास्तच संशय आला. का गरज नाही? सगळ्यांना लागतं, आमच्याच आईला का लागत नाही?

"नीट बघितलंत ना?" मी विचारलं.

तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. काळ्या-पांढऱ्यात दाढ दिसत होती, तिच्या मधोमध नसेची सावली, आणि मोड त्या सावलीपासून लांब. "हे बघा मॅडम. मोड इथं थांबलीय. नसेपर्यंत गेली असती तर मीच सांगितलं असतं. आता प्रश्न एवढाच, की वर काय बसवायचं."

मग तिनं समजावून सांगितलं. नुसतं सिमेंट भरता येतं, पण एक भिंत पुरी गेल्यावर सिमेंटला धरायला जागा राहत नाही. कडक खाणाऱ्या माणसाचं ते निघून येतं, आणि येताना उरलेली दाढही मोडून आणतं. दाढेला वरून टोपीसारखी झाकणारी कॅप हे खरं उत्तर. कॅप दातासारखी पांढरी मिळते, आत धातू आणि वर पांढरी अशी मिळते, नुसत्या धातूची मिळते. पांढरी दिसायला चांगली, पण तिच्या जाडीसाठी दाढ जास्त घासावी लागते. धातूची पातळ बसते, दाढ जास्त वाचते. ही दाढ मागची आहे, दिसणार नाही, दाढ आधीच निम्मी राहिलीय, तेव्हा विचार करून ठरवा.

तिनं कुठलीच कॅप पुढं केली नाही. तेही मला खटकलं. विकणाऱ्यानं काहीतरी पुढं करावं, म्हणजे आपल्याला कळतं की काय टाळायचं.

आई खुर्चीत आडवी, गळ्याशी निळा कागद बांधलेला, सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "सोन्याची बसती का?"

मी आणि डॉक्टर दोघींनी एकदमच तिच्याकडं बघितलं.

"बसते की," डॉक्टर जरा थांबून म्हणाली. "खरं तर चांगली असते. समोरच्या दाताला झिजवत नाही. पण आता कुणी मागत नाही, आजी. आमची लॅब करते का बघावं लागंल. आणि महाग पडंल."

"सोन्याचीच बसव," आई म्हणाली, आणि गळ्यातला कागद सोडायला लागली.

आता ही माझी आई. बाबा गेल्यावर पाटल्या उतरवून कपाटात ठेवल्या त्या परत घातल्या नाहीत. लग्नाकार्यात सुद्धा गळ्यात साधी माळ. सोन्याचा सोस तिला कधीच नव्हता. आणि आता जिथं दिवा लावून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी तिला सोनं हवं होतं. मनात पाल चुकचुकली. कुणी भरवलं हिला हे?

रस्त्यात विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरच म्हणली न्हवं, चांगली असती म्हणून."

"तू विचारल्यावर म्हणाली."

"मग? खोटं बोलली का काय ती?"

घरी येऊन पुण्याला भावाला फोन लावला. तो म्हणाला, "बसव गं पांढरी. सोनं कशाला? हल्ली कोण सोनं लावतं? फोटोत चमकेल." दाढ फोटोत कशी चमकेल ते मी विचारलं नाही. वहिनीनं मागून विचारलं, सोनं कुणाचं घालणार म्हणून. हा प्रश्न मला आवडला नाही, पण तो माझ्याही डोक्यात होताच.

दुसऱ्या दिवशी आईला न सांगता मी फोटो घेऊन दुसरा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरनं फोटो खिडकीसमोर धरला, आई सोबत नाही म्हणून तिच्या तोंडात बघायचा प्रश्नच नव्हता, आणि म्हणाला, "या वयात कशाला नादी लागता? काढून टाका, इम्प्लांट करू." नस जिवंत आहे म्हटलं तर म्हणाला, असू दे. मी फोटो परत घेतला. पहिल्या डॉक्टरणीवर त्या दिवशी माझा थोडा विश्वास बसला. थोडाच.

खरा घोळ पुढं झाला. आमच्या घरच्या जुन्या सराफाकडं काटा तपासायला गेले होते. काटा बरोबर होता. शिक्का मारून निघाले तर सराफ गोड बोलायच्या भरात म्हणाला, "मॅडम, तुमच्या आई, काकू येऊन गेल्या परवा. मणी घेऊन आल्या होत्या."

"कसला मणी?"

"सोन्याचा. एकच. ज्वारीच्या दाण्याएवढा. ह्याची दातावर बसवायची टोपी होईल का म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, एवढ्यात कशी होईल? आणि दाताचं काम आमचं नव्हे. परत घेऊन गेल्या."

आईचे सगळे दागिने मला माहीत होते. ज्वारीच्या दाण्याएवढा सुटा मणी त्यात नव्हता. वापरलेला होता का, मी विचारलं. सराफ म्हणाला, नाही हो, कोरा, दोरासुद्धा ओवला नव्हता कधी.

आता माझं डोकं सणकलं. कुंभारीहून रिक्षा करून, भर उन्हात, मला न सांगता, आई एक मणी घेऊन सराफकट्टा फिरते. मणी आला कुठनं? आणि दाढेपायी एवढी तगमग कशासाठी? मग एकदम दुसरंच सुचलं. आई आजारी आहे. काहीतरी मोठं आहे, आणि ती आपल्यापासून लपवतेय. माणसाला आपलं कळतं म्हणतात. म्हणूनच हे रोजचे फोन. म्हणूनच दारात उभं राहणं.

बाबांच्या वेळी आम्हाला उशिरा कळलं होतं. बाबा शहरातल्या एका दवाखान्यात होते, बरे होतायत असंच आम्ही धरून चाललो होतो. ज्या दुपारी ते गेले त्या दुपारी मी अकलूजकडं एका उसाच्या काट्यावर होते. निरोप मिळाल्यावर निघाले, गाडी पळवली, पण अंतर काय कमी होतं? भाऊ पुण्याहून येत होता. आम्ही दोघं पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. आई बाहेरच्या बाकावर एकटी बसली होती. रडत नव्हती. उजव्या हाताची मूठ तेवढी घट्ट मिटलेली होती. घरी येईपर्यंत तिनं ती उघडली नाही, की कुणाला हात लावू दिला नाही.

ते सगळं परत डोळ्यासमोर आलं, आणि मी रजा टाकून सकाळीच कुंभारी गाठली. आई मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होती. ती आत यायच्या आधी मी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायला लागले. गोळ्यांची पाकिटं, औषधाची बाटली, काहीतरी सापडेल म्हणून. शेंगदाण्याच्या डब्यात शेंगदाणे होते, जवसाच्या डब्यात जवस.

"काय धुंडतीस?" आई दारात उभी.

"हिंग."

"हिंग पोह्याच्या डब्यात कवा असतोय?"

मी डबा ठेवला. "आई, तुला काही होतंय का?"

"दाढ मोडलीया की."

"ती सोडून."

"गुडघं दुकत्यात. ते तर तुजं बी दुकत्यात."

"खरं सांग. माझी शपथ."

"शपथा घालू नगं सकाळच्या पारी," आई म्हणाली. पोह्याचा डबा तिनं परत जागेवर लावला, झाकण दाबून बसवलं. "माज्या घरात चोरासारकी डबं उगडतीस. मी काय तुज्या दुकानदारांतली हाय का, धाड घालाया?"

"मग तो मणी कसला?"

सराफानं सांगितलं हे आईला लगेच कळलं. "त्येच्या पोटात काय राहत न्हाय," एवढंच बोलली, आणि भाकरीचं पीठ काढायला वळली. त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं पण माझ्याशी बोलली नाही. मी पण बोलले नाही. मला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्हीपैकी आधी कुठलं बाहेर काढावं ते सुचत नव्हतं.

दाढेचं माप द्यायच्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेले. म्हटलं, आता डोळ्यात तेल घालून बघायचं. तर दारातच आई म्हणाली, "तू भायेर बस."

"का?"

"बस म्हटलं ना."

मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आतून यंत्राचा आवाज यायला हवा होता, तो येईना. आईचा आवाज येत होता. हळू, सलग, बराच वेळ. आई माझ्याशी फोनवर सुद्धा एवढं सलग बोलत नाही. शब्द कळत नव्हते. मग शांत झालं. मग डॉक्टरीण कुणाशी तरी फोनवर तेलुगूत बोलायला लागली, घाईघाईनं, आर्जवाच्या सुरात. तेलुगू मला बाजारापुरतं कळतं. "बंगारम" कळलं. सोनं. बाकी काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते.

माप घेऊन झाल्यावर डॉक्टरीण बाहेर आली. माझ्याकडं न बघता हात पुसत म्हणाली, "सोन्याचीच करू. लॅबवाल्याला पटवलंय."

"तुम्ही तर म्हणत होता की आता कुणी करत नाही."

"करून घेते."

"घरचं सोनं घालणार?"

"नाही मॅडम. घरचं चालत नाही. मऊ असतं, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. दातासाठी वेगळं मिश्रण येतं, तेच लॅब मागवंल. आजींना सांगितलंय. त्या हो म्हणाल्या."

पालकाची जुडी उलटीपालटी करून बघितल्याशिवाय न घेणारी माझी आई परक्याच्या सोन्याला मुकाट हो म्हणाली. मी डॉक्टरणीला गाठलं. "आई तुमच्याशी काय बोलत होती?"

"ते आजींना विचारा."

"तिला काही आजार आहे का? डॉक्टर म्हणून तुम्ही मला सांगायला पाहिजे."

"आजार नाही. तेवढं सांगते." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "बाकी दाढ त्यांची आहे, मॅडम."

आजार नाही म्हटल्यावर जिवात जीव आला, आणि लगेच राग उसळला. पोटची पोर बाहेर खुर्चीवर, आणि कालची ओळख झालेली बाई आत. मला सांगण्यासारखं नाही असं काय आहे ते त्या पोरीला सांगण्यासारखं आहे? घरी पोचेपर्यंत मी स्कूटर अशी चालवली की आईनं मागून माझा खांदा धरून ठेवला होता.

कॅप आली तेव्हा मी पर्समध्ये माझा लहान काटा घेऊन गेले. होय, नेला. सराफाकडं तपासणीला वापरते तो. डॉक्टरणीच्या हातातली कॅप मी मागून घेतली आणि तिच्या टेबलावर काटा मांडला. लॅबनं सांगितलं होतं तेवढंच वजन होतं. एवढीशी पिवळी टोपी, आतून पोकळ, वरून दाढेसारखे खड्डे-उंचवटे.

"झालं समादान?" आई खुर्चीतून म्हणाली.

मी काटा बंद केला.

डॉक्टरणीनं कॅप बसवली, ठसा उमटणारा पातळ निळा कागद दातांमध्ये धरून आईला चावायला लावलं, जिथं उंच लागत होतं तिथं घासलं, परत चावायला लावलं. पक्कं चिकटवायच्या आधी आरसा दिला. आईनं आरशात बघितलं, जिभेनं चाचपलं, आणि मान डोलावली. निघताना तिनं डॉक्टरणीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, आज त्या बाजूनं काही कडक खाऊ नका."

घरी आल्या आल्या आईनं कडक भाकरीचा डबा काढला. दोन भाकऱ्या मोडून आमटीत टाकल्या, एक ताट माझ्यापुढं सरकवलं. डावीकडून खात होती, डॉक्टरणीचं तेवढं ऐकलं होतं.

"आता तरी सांग," मी म्हटलं. "सोनंच कशाला पाहिजे होतं?"

आईनं घास संपवला. हात धुतला. देवघरातून कुंकवाची जुनी डबी आणून माझ्यासमोर ठेवली. आत कापसावर तो मणी होता.

"ह्यो तुज्या बाबांचा," ती म्हणाली. "त्यास्नी दवाखान्यात नेलं तवा घेतलेला. माज्या मनानं सांगितलं व्हतं. तुळशीची पानं बी पदराला बांदून नेलेली. जाणाऱ्याच्या तोंडात सोनं-तुळस पडावं, एवढंच माणसाला लागतं. दुसरं काय लागतंय? त्या दिवशी तोंडात नळी. मी म्हटलं, नुसतं व्हटाला लावते. आत सोडंनात. काचंतनं बगत उभी राहिले, मणी मुठीत. मास्तर तसंच गेले."

मूठ. मी त्या मुठीकडं त्या दिवशी बघितलं होतं, आणि दुःखानं आवळलीय असं समजले होते. आत काय आहे ते विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, तुझ्या वेळी असं होणार नाही. मी आहे की."

"तू हायस की," आई म्हणाली. "म्हणून तर बगितलं."

"काय बघितलं?"

"येकटी तूच मापतीस व्हय? मी बी मापलं." तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "गॅस लागंना म्हणले. पाल हाय म्हणले. फोन ठिवला की घड्याळ बगायचं, तू दारात आलीस की परत बगायचं. तू येतीस गं. न्हाय कवाच म्हटलं न्हाईस. कुरकुरतीस, पर येतीस. तुज्यात खोट न्हाय. पर येळ लागतो. गाव लांब. गर्दी. कवा तू पार अकलूजला असतीस. आन त्यो पुण्याला. तेवढा येळ मला कोन देतंय?"

मी ताटाकडं बघत होते. आमटीत भाकरी भिजून वर आली होती.

"मग दाढ मोडली," आई म्हणाली. "मला वाटलं, देवानंच मोडली. म्हटलं, आता सोनं आदीच तोंडात बसवून घ्यावं. कुनाची वाट बगाया नगं. तुळस काय, दारात हाय. शेजारीन बी घालंल." तिनं डबी मिटली. माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "आता तू सावकाश ये."

त्यानंतर फोन आले नाहीत. पहिल्या संध्याकाळी मला बरं वाटलं, चहा गरम असताना प्यायला मिळाला. दुसऱ्या संध्याकाळी मी फोनची रेंज तपासली. मग मीच फोन केला. आई म्हणाली, सगळं बरं हाय, गॅस लागतोय, पाल न्हाय, तू तुजं काम कर. मी इकडं फोन हातात धरून बसले होते, आणि ती बाई मजेत होती. भजनाला जात होती. देवळातल्या बायकांना तोंड उघडून दाढ दाखवत होती, हे मला मागाहून शेजारणीकडून कळलं.

एका संध्याकाळी मी चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळत असतानाच गॅस बंद केला. स्कूटर काढली. सिग्नल, टेम्पो, गर्दी, सगळं नेहमीचंच होतं. दारात आई नव्हती. आत पाटावर बसून लसूण सोलत होती.

"मी फोन न्हाय केला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

"माझ्याकडचा गॅस लागेना. चहा दे."

आई हसली. तोंड चांगलं उघडून हसली, मागची दाढ दिसली. उठून तिनं चहाला पाणी ठेवलं. घड्याळाकडं तिनं बघितलं नाही. मी बघितलं.